फेर-द-लान्स: मारा जबर, टाकी लहान

'एलिट डेंजरस' या अंतराळातल्या व्हिडिओ गेममधल्या मध्यम आकाराच्या युद्धनौकांत फेर-द-लान्स अजूनही मला सर्वांत सुबक वाटते. पोटाखाली एक अतिविशाल तोफ, शिवाय चार मध्यम तोफा आणि ढालवर्धक बसवायला सहा जागा. एवढी शस्त्रं एकदम पेलतात ती सहाव्या वर्गाच्या पॉवर डिस्ट्रिब्युटरमुळे (शस्त्रं, ढाल नि इंजिनांना वीज वाटणारा भाग). व्हल्चर या दुसऱ्या युद्धनौकेला दोन मोठ्या तोफा आहेत, पण तिचा पॉवर प्लांट चौथ्या वर्गाचा. त्यामुळे तिथं प्रत्येक मॉड्यूल बसवताना विजेचा हिशेब करावा लागतो.

अतिविशाल तोफेच्या जागेत प्लाझ्मा ॲक्सिलरेटर ही तोफ घालावी, पण तिचा गोळा संथ जातो. लांबून मारला तर शत्रू सहज चुकवतो, म्हणून जवळ भिडूनच डागावा. शत्रू अंगावर आला की चार पिप (वीजवाटपाचे ठिपके) ढालीकडे, तो वळला की शस्त्रांकडे. ढाल पुन्हा भरणारी शील्ड सेल बँक वापरताना तापमान चढू लागताच उष्णता बाहेर टाकणारा हीट सिंक सोडा. उशीर झाला तर मॉड्यूल भाजतात.

खरी उणीव इंधनाची. टाकी फक्त 8 टनांची, एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जायची उडीही तोकडी. दूर जायचं तर ताऱ्याजवळून इंधन गोळा करणारा फ्युएल स्कूप हवाच, आणि तो आतली एक जागा खातो.

गोव्यात खेळणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची: एकट्यानं खेळतानाही इंटरनेट लागतं. सत्तरी-पेडण्यात पावसाळ्यात वीजपुरवठा क्षणभर तुटला की राउटर बंद पडतो नि खेळ तुटतो. संगणकाबरोबर राउटरही यूपीएसवर घ्या.