गुडघ्यातून ‘पू’ काढून देणारे: आमच्या घरी झालेली फसवणूक

मागच्या दिवाळीनंतर माझ्या थोरल्या वहिनींच्या गुडघ्यांतला ‘पू’ काढून देतो असे सांगून दोन माणसांनी आमच्या गावाकडच्या घरातून ९०,००० रुपये रोख नेले आणि जाताना औषध म्हणून पुड्याही देऊन गेले. पैसे गेले त्याचे दुःख आहेच; परंतु त्या पुड्यांनी पुढे जे केले ते अधिक गंभीर होते. बीड आणि लातूर जिल्ह्यांत गुडघ्यावर हात टेकल्याशिवाय उठता न येणाऱ्या बायका घरोघरी आहेत आणि ही टोळी नेमक्या त्याच घरांच्या शोधात फिरते. म्हणून ही माणसे कोणाला हेरतात, काय बोलतात आणि त्यांच्या सांगण्यात खोटे कुठे आहे, हे सविस्तर लिहीत आहे.

वहिनींचे वय साठीच्या पुढे आहे. कापूस वेचणे, सोयाबीन काढणीच्या वेळी विळा घेऊन उकिडवे बसून सरकत राहणे, चुलीपुढे बसणे, हे त्यांनी आयुष्यभर केले. दोन्ही गुडघे काही वर्षांपासून दुखतात आणि बऱ्याचदा कंबरही धरते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्यांना दाखवले होते. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी सांगितले, की गुडघ्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजलेली आहे, ती गोळीने भरून येत नाही, मात्र मांडीचे स्नायू बळकट केले, वजन थोडे उतरवले आणि उकिडवे बसणे टाळले तर दुखणे बऱ्यापैकी आटोक्यात राहते. वहिनींना हे पटले नाही. दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो आपल्याकडच्या बहुतेक बायकांचा असतो.

सोयाबीन घेऊन दादा लातूरच्या आडतीवर गेले, तेव्हा शहरात कापड घ्यायचे म्हणून वहिनीही सोबत गेल्या. पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) करून पैसे घेतल्यावर दोघे बसस्थानकाकडे चालले असताना पांढरा सदरा घातलेला एक पन्नाशीचा गृहस्थ वहिनींच्या शेजारून चालू लागला. तो अदबीने म्हणाला, “मावशी, तुमच्यासारखंच माझ्या आईचंही झालं होतं, जागेवरून उठता येत नव्हतं, आता पंढरीची वारी करते.” त्याने लगेच फोन लावून आईशी बोलणेही करून दिले. पलीकडून एका वृद्ध स्त्रीने अगदी आपल्या बोलीत, कोणत्या देवळाच्या किती पायऱ्या आपण आता चढतो हे सांगितले. त्याने एक रुपयाही मागितला नाही, चहाचे पैसेदेखील स्वतः दिले. हैदराबादकडचे एक मोठे वैद्य सध्या या भागात आले आहेत आणि गरिबांकडे घरी येऊन उपचार करतात एवढे सांगून त्याने नंबर दिला आणि गर्दीत निघून गेला.

या फसवणुकीचा सारा डोलारा या पहिल्या माणसावर उभा असतो. शिफारस करणारा आणि उपचार करणारा वेगवेगळे दिसतात आणि शिफारस करणाऱ्याला काही मिळत नाही, म्हणून त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. तो चेहऱ्याने श्रीमंत माणूस शोधत नाही. लंगडणारा माणूस आणि त्याच्याजवळ नुकतेच पैसे आले असण्याची जागा, या दोन गोष्टी तो एकत्र पाहतो. आडत, बँक, देवस्थान, रुग्णालयाचे प्रवेशद्वार ही त्याची ठिकाणे आहेत. पुणे-मुंबईतही वृद्धांना याच पद्धतीने फसवल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून आलेल्या आहेत. फक्त तिथे बागेत किंवा मॉलमध्ये गाठतात.

वैद्य म्हणवणारा आणि त्याचा मदतनीस आठवड्याच्या आत घरी आले. घरात कोण कोण असते, मुले कुठे नोकरीला आहेत, हे त्यांनी फोनवरच विचारून घेतले होते. त्या वैद्याने गुडघा दाबून पाहिला, डोळे मिटले आणि सांगितले, की आत वर्षानुवर्षांचा पू साचला आहे, तो काढला की गुडघा पूर्ववत होईल. एका ‘ओढी’चे ३,००० रुपये पडतील, साधारण चार-पाच ओढी लागतील, असा अंदाज त्याने दिला. १२–१५ हजारांत काम होते म्हणून दादांनी होकार दिला. त्यानंतर त्याने ब्लेडने गुडघ्याभोवती बारीक चिरा पाडल्या, त्यांवर तांब्याची नळी ठेवून तोंडाने ओढले आणि नळी ताटात उपडी केली. ताटात पिवळट, चिकट असा थेंब पडला. मदतनीस मोठ्याने मोजत होता. पाच झाले, दहा झाले, तरी तो थांबेना. थांबा म्हटले तेव्हा त्याने सांगितले, की अर्धवट सोडले तर विष पायात उतरून पाय कापावा लागेल. दोन्ही गुडघे मिळून ४७ ओढी मोजल्या आणि हिशेब १,४१,००० रुपयांचा झाला. मग मोठेपणाने सूट देऊन तो ९०,००० वर आला. पट्टीचे ७०,००० रुपये घरात होते, उरलेले २०,००० दादांनी शेजाऱ्यांकडून उसने आणले. फोनवरून पैसे पाठवतो म्हटल्यावर त्याने नकार दिला. यंत्रातून पैसे घेतले की औषधाचा गुण जातो, असे त्याचे म्हणणे होते. औषधाचा गुण राहो न राहो, रोख रकमेची नोंद मात्र कुठेच राहत नाही.

मला हे कळले तेव्हा वहिनींचा एकच मुद्दा होता, “अहो, डोळ्यानं बघितलंय मी, ताटात पू पडला की!” या युक्तीचा जोर नेमका याच दिसण्यात आहे, म्हणून अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी आम्हाला जे समजावून सांगितले ते येथे देतो. निरोगी गुडघ्याच्या सांध्यात वंगणासारखा थोडासा द्रव असतो, तोही काही मिलिलिटरच. झीज झालेल्या गुडघ्यात कधीकधी तो वाढतो आणि सूज दिसते, पण तो पू नसतो. सांध्यात खरोखरच पू झाला तर गुडघा लाल आणि गरम होतो, पाय हलवणे अशक्य होते, बहुधा ताप येतो, आणि उशीर झाला तर काही दिवसांतच सांधा कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणजे तो त्याच दिवशी रुग्णालयात नेण्याचा आजार आहे. ‘वर्षानुवर्षे साचलेला पू’ घेऊन कोणी सोयाबीन काढू शकत नाही. दुसरे असे, की सांध्याची पोकळी त्वचा, चरबी आणि जाड आवरण यांच्या आत असते. वरवरच्या चिरेवर नळी लावून ओढले तर थोडे रक्त आणि जखमेतून पाझरणारी पातळ लस येईल, सांध्यातले काहीही येणार नाही. डॉक्टर सांध्यातील पाणी काढतात तेव्हा ते निर्जंतुक सुई आत घालून सिरिंजमध्ये घेतात, तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवतात आणि त्याचे थेंबागणिक पैसे कोणीही लावत नाही. ताटात पडलेला पिवळेपणा नळीत आधीच भरलेल्या एखाद्या भुकटीचा असणार, कारण नळी प्रत्येक वेळी मदतनिसाच्या हातून येत होती आणि ती आधी कोणालाही पाहू दिली नव्हती.

एकच ब्लेड आणि तोंडाने ओढलेली नळी किती घरांत फिरली असेल याचा विचार नकोसा वाटतो. वहिनींना धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे लागले आणि कावीळ ब, कावीळ क व एचआयव्ही यांच्या तपासण्या कराव्या लागल्या. त्यांपैकी काहींचा निष्कर्ष संसर्गानंतर लगेच दिसत नाही, म्हणून त्या ठरावीक अंतराने पुन्हाही कराव्या लागल्या. सुदैवाने सर्व अहवाल चांगले आले.

आता पुड्यांविषयी. त्यांवर नाव, परवाना क्रमांक, घटक, तारीख यांपैकी काहीच नव्हते. त्या घेतल्यावर वहिनींचे दुखणे खरोखरच कमी झाले, भूक वाढली, उत्साह आला आणि घरात सगळ्यांना पैसे कारणी लागल्यासारखे वाटू लागले. पुढे चेहरा गोल आणि सुजल्यासारखा दिसू लागला आणि एरवी एका गोळीवर आटोक्यात असलेली साखर बरीच वर गेली. डॉक्टरांनी पुड्या पाहताच स्टिरॉइडची शंका व्यक्त केली. सांधेदुखीच्या ‘जडीबुटी’च्या भुकटीत डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके मिसळणे हा जुना उद्योग आहे. स्टिरॉइड सूज झपाट्याने उतरवते, म्हणून गुण आल्यासारखे वाटते. पण दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, रक्तदाब आणि साखर वाढते, जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद कमी होते, आणि शरीर स्वतःचे नैसर्गिक स्टिरॉइड तयार करणे मंदावते. म्हणूनच अशी भुकटी बरेच दिवस घेतलेल्या माणसाने ती भीतीने एका दिवसात बंद करू नये. तसे केल्यास अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब एकदम उतरणे असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि ते सांगतील तसे हळूहळू बंद करावे. वहिनींचे तसेच करावे लागले.

तरीही सुरुवातीला बरे का वाटते, हा प्रश्न केवळ स्टिरॉइडने सुटत नाही. झिजेचे दुखणे चढते आणि उतरते. माणूस उपचार शोधतो ते दुखणे सर्वांत चढलेले असताना, आणि त्यानंतर ते बहुधा आपोआप थोडे उतरतेच. सुगी संपून चार दिवस विश्रांती मिळालेली असते, मोठी रक्कम मोजलेली असते आणि मनालाही बरे व्हायचे असते. या उताराचे श्रेय नळीवाल्याला जाते. व्यायाम सांगणाऱ्या डॉक्टरांच्या वाट्याला ते येत नाही, कारण व्यायामाचा परिणाम दिसायला काही आठवडे जावे लागतात.

शेतकाम म्हणजे व्यायाम नव्हे, हे वहिनींना अखेर फिजिओथेरपिस्ट बाईंनी पटवून दिले. वाकून किंवा उकिडवे बसून केलेल्या कामात गुडघ्यावर भार पडतो, मात्र गुडघ्याला आधार देणारा मांडीचा पुढचा स्नायू त्याच्या पूर्ण टप्प्यात काम करत नाही. त्यांनी दिलेले व्यायाम अगदी साधे आहेत. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, पाच सेकंद धरायचा आणि सावकाश खाली घ्यायचा. उताणे झोपून एक गुडघा वाकवलेला ठेवून दुसरा पाय सरळ वर उचलायचा. प्रत्येकी दहा वेळा, जमेल तसे वाढवत. शेकायचे तर गरम पाण्याच्या पिशवीला कापड गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे. मधुमेह्यांच्या पायांची जाणीव कमी असू शकते म्हणून पाणी आधी दुसऱ्याने हाताने पाहावे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. आपल्याकडे बहुतेक जण ती दुखऱ्याच बाजूला धरतात. घरात संडासावर ठेवायची खुर्ची आणली आणि चूल ओट्यावर घेतली, तेवढ्यानेही बराच फरक पडला. कमरेसाठी सांगितलेले असे, की अंथरुणाला खिळून राहू नये, सोसेल तेवढे हिंडत राहावे, ओझे अंगाशी धरून गुडघ्यात वाकून उचलावे आणि पोते दोघांनी मिळून उचलावे. साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत कमी होते. मात्र पायातील ताकद जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, बसण्याची जागा बधिर होणे, ताप येणे, कारण नसताना वजन घटणे किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू होणे, यांपैकी काही असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रोज घेण्याची सवयही घातक आहे; ती जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करते, रक्तदाबाच्या रुग्णांना तर विशेष.

आम्ही पोलीस ठाण्यात तक्रार दिली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक हा गुन्हा आहे, आणि नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणे महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने निषिद्ध आहे. संधिवात बरा करतो अशी जाहिरात करण्यावर तर १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानेच बंदी आहे. पुड्यांसाठी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. परंतु तपासासाठी जे हवे होते ते आमच्याकडे नव्हते: गाडीचा क्रमांक कोणी पाहिला नव्हता, पावती मागितली नव्हती, आणि दिलेले दोन्ही नंबर बंद झाले होते. कोणी वैद्य म्हणून घरी आला तर आधी त्याचा नोंदणी क्रमांक विचारावा; अॅलोपॅथीचा डॉक्टर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि आयुर्वेद-युनानीचा महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदलेला असतो. क्रमांक विचारताच रागावणाऱ्याला चिरा पाडू देऊ नये. दुर्दैवाने घडलेच असेल तर पुड्या, ताट पुसलेला कापूस आणि फोनमधील कॉलची नोंद जपून ठेवावी, कारण घर धुऊन काढण्याच्या घाईत पुरावा आधी जातो.

तक्रारीनंतर केज तालुक्यातील एका घराची हकीकत आमच्या कानावर आली. तिथे वैद्याचे नाव वेगळे होते आणि तो हैदराबादऐवजी राजस्थानचा होता. तांब्याची नळी, मोठ्याने मोजणारा मदतनीस आणि पंढरीची वारी करणारी आई मात्र तीच. आता तूर निघते आहे आणि आडतीवर पुन्हा पट्ट्या होऊ लागतील. लातूर, अंबाजोगाई किंवा परळीच्या बसस्थानकाकडे जाताना तुमच्या घरातील लंगडणाऱ्या माणसाला कोणी अनोळखी गृहस्थ “मावशी” किंवा “काका” म्हणत आपल्या आईशी फोनवर बोलायला लावू लागला, तर त्याच्याकडून नंबर घ्यावा, शक्य झाल्यास त्याचा फोटो काढावा आणि दोन्ही जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावेत.