सॅन फ्रान्सिस्को जायंट्स 2025: अख्खा हंगाम वापरून झाल्यावरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय होईल. पाचपैकी तीन तारे. बेसबॉलचे 162 सामने, 81 जिंकले, 81 हरले. त्या हिशेबाने अडीचच द्यायला हवे होते, पण उरलेला अर्धा तारा मैदानाचा आणि खाडीवरच्या वाऱ्याचा आहे. संघाने तो आपला समजू नये.

दर मार्चमध्ये बे एरियातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, "बेसबॉल बघायला लागावं का? आणि जायंट्स कसे आहेत?" त्यांच्यासाठी हे लिहितेय. क्रिकेट कळतं असं धरून चालते. सहा महिने जवळजवळ रोज संध्याकाळी सामना लावायचा, हाच इथला वापर. एखादा सामना बघून या खेळाबद्दल मत बनवू नका, काहीच हाती लागत नाही.

संघाचं काहीही जोखायचं असेल तर आधी त्याचं मैदान समजून घ्यावं लागतं. ओरॅकल पार्कची उजवी बाजू विचित्र आहे. फाउल रेषेवर भिंत फक्त 309 फुटांवर, पण उंची 24 फूट, संघाचा जुना महान खेळाडू विली मेजच्या 24 नंबरच्या सन्मानार्थ. तिथून सेंटरकडे सरकलात की भिंत एकदम लांब पळते, 415 फुटांपर्यंत. 2020 च्या आधी तर हे अंतर 421 होतं. भिंतीच्या पलीकडे थेट पाणी, त्यात कयाक घेऊन चेंडूची वाट बघत बसलेली माणसं. रात्री खाडीवरून गार, जड हवा आत येते आणि दुसरीकडे सहज बाहेर गेला असता तो चेंडू इथे फील्डरच्या ग्लोव्हमध्ये विसावतो. बॅरी बाँड्सने 2004 मध्ये 30 हून जास्त होम रन (म्हणजे आपले षटकार) मारले. त्यानंतर जायंट्सच्या एकाही खेळाडूला तिशी गाठता आली नव्हती. ती गाठली विली अदामेसने, यंदा, हंगामाच्या शेवटच्या शनिवार-रविवारी. एकवीस वर्षं! अशा मैदानावर पिचिंग (म्हणजे गोलंदाजी), क्षेत्ररक्षण आणि पळणारी माणसं लागतात. 2010, 2012 आणि 2014 च्या तिन्ही वर्ल्ड सिरीज (लीगची अंतिम विजेतेपदं) प्रामुख्याने पिचरांच्या जिवावर आल्या. माझी तक्रार एवढीच आहे की यंदाची खरेदी करताना हे मैदान कोणाच्या फारसं लक्षात राहिलेलं दिसलं नाही.

खरेदी करणारा माणूस म्हणजे बस्टर पोझी. त्या तिन्ही विजेत्या संघांचा कॅचर (म्हणजे यष्टिरक्षक), 2024 च्या सप्टेंबरअखेर संघाची सगळी सूत्रं हाती आलेला. इथे त्याच्याविरुद्ध बोलायची कोणाची छाती होत नाही, म्हणून मी बोलते. अदामेसला 7 वर्षांसाठी 18 कोटी 20 लाख डॉलर, क्लबच्या इतिहासातला सर्वात मोठा करार. गंमत बघा, आपला पिचर ब्लेक स्नेल त्याच हिवाळ्यात लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे गेला, तोही नेमक्या 18 कोटी 20 लाखांवर, फक्त 5 वर्षांसाठी. अदामेसची बॅट सुरुवातीचे दोन महिने थंडच होती. नंतर तो तापला आणि तिशी गाठली. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षणाची जागा; बेस म्हणजे पळताना टेकायचे थांबे) असा उत्साही माणूस हवाच होता, त्यामुळे ही खरेदी मला पटली. 42 वर्षांच्या पिचर जस्टिन व्हर्लँडरला एका वर्षासाठी दीड कोटी दिले. पहिला विजय त्याच्या नावावर लागायला जुलै उजाडला. पण त्यात त्याचा दोष निम्माही नाही. तो जीव तोडून टाकायचा आणि आपले बॅटर एखाद-दुसरी धाव काढून मोकळे व्हायचे.

आणि मग 15 जून. संघ 41 विजय, 31 पराभव अशा झकास स्थितीत, आणि बातमी आली की बॉस्टनच्या रेड सॉक्सचा रफाएल डेव्हर्स आपल्याकडे येतोय. एवढा मोठा बॅटर हंगामाच्या मध्यावर सहसा कोणी सोडत नाही. पण बॉस्टनमध्ये त्याचं बिनसलं होतं. थर्ड बेसची त्याची जागा दुसऱ्याला दिली, मग फर्स्ट बेसवर उभा राहा म्हणाले, हा नाही म्हणाला. पोझीने त्याचा 10 वर्षांच्या 31 कोटी 35 लाखांच्या करारातला उरलेला सगळा भार उचलला, म्हणजे 2033 पर्यंतचे 25 कोटींहून अधिक. वर जॉर्डन हिक्स, काइल हॅरिसन, 2024 च्या ड्राफ्टमधला (तरुण खेळाडूंची वार्षिक निवड) पहिल्या फेरीचा जेम्स टिब्स आणि आणखी एक तरुण पिचर दिला. हॅरिसन इथला, ईस्ट बेचा पोरगा, त्यामुळे जास्त लागलं. टिब्सला बॉस्टनने दीड महिन्यात कुठे पाठवलं असेल? डॉजर्सकडे. म्हणजे आपला पोरगा व्हाया बॉस्टन शेजारच्या शत्रूच्या घरी!

आठवडाभरातच रेड सॉक्स इथे खेळायला आले आणि डेव्हर्सने त्यांच्याविरुद्ध होम रन ठोकला. सगळं मैदान उभं राहिलं. माझे बाबा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आले होते, त्यांनीसुद्धा सोफ्यावरून टाळी दिली. बॉस्टनला नकार दिलेला फर्स्ट बेस इथे त्याने जुलैपासून निमूटपणे सांभाळला. आकडे वाईट मुळीच नाहीत. दोन्ही संघांचे मिळून 35 होम रन, आणि मधल्या वेळापत्रकाच्या फरकामुळे 162 सामन्यांच्या हंगामात हा पठ्ठ्या 163 सामने खेळला. तरीही तो आल्यापासूनचा हिशेब मांडा: 40 विजय, 50 पराभव. एका माणसाने पन्नास सामने हरवले असं कोणीच म्हणणार नाही. पण दिवाणखान्यात झुंबर लावलं आणि गळकं छप्पर तसंच ठेवलं, असा तो प्रकार होता. पिचिंगची मागची फळी तोकडी, आउटफील्ड अधूनमधून झोपलेलं. लेफ्ट फील्डचं तर काय सांगावं, 2007 मध्ये बाँड्स गेल्यापासून दर वर्षी सलामीच्या सामन्यात तिथे नवा माणूस उभा असतो. यंदा हेलियट रामोस होता. बॅट बरी आहे, पण त्याच्या दिशेने उंच चेंडू गेला की मी श्वास धरते.

जुलैअखेर संघ इतका घसरला की पोझीने घेणं थांबवून विकायला काढलं. पिचर टायलर रॉजर्स न्यूयॉर्कच्या मेट्सकडे, कमिलो दोवाल तिथल्याच यांकीजकडे, माइक यस्ट्रेम्स्की कॅन्सस सिटीकडे. यातला रॉजर्स मला सगळ्यात जवळचा. हात जमिनीला घासेल इतक्या खालून टाकतो. बाकीचे ताशी 95-100 मैलांनी टाकत असताना हा 83 च्या आसपास, आणि बॅटर तरी गोंधळतो. बाबा त्याला 'आपला फिरकीवाला' म्हणायचे. असा माणूस या मैदानावर सोन्याचा, आणि नेमका तोच विकला. बदल्यात तिघे तरुण मिळाले, करार संपत आला होता, हे सगळं मान्य. पण सप्टेंबरच्या मध्यावर हाच संघ सावरून वाइल्ड कार्डच्या (बाद फेरीतल्या जादा जागांच्या) अगदी दारात जाऊन उभा राहिला. शेवटी सिनसिनाटी 83 विजयांवर आत गेलं आणि आपण 81 वर बाहेर. दोन सामने! त्यातच शेवटच्या, म्हणजे आठव्या-नवव्या इनिंगचा भरवशाचा पिचर रँडी रॉड्रिगेझ कोपराच्या दुखापतीने गेला. रॉजर्स असता तर, हा विचार मी मनातून काढायचा प्रयत्न सोडून दिलाय.

आता कपडे. जायंट्सच्या घरच्या क्रीम रंगाच्या जर्सीवर पाठीमागे नाव नसतं, फक्त नंबर. 2021 पासून ही पद्धत. दिसायला तर ती सुंदर आहेच, पण खेळाडूंची एवढी ये-जा चालू असताना त्याचा व्यवहारी फायदाही आहे. माझी जर्सी 5 नंबरची, म्हणजे यस्ट्रेम्स्कीची. तो गेल्यावरही ती घालून फिरते, कोणी हटकत नाही. नाव छापलेलं असतं तर कपाटात गेली असती. नवीन येणाऱ्यांना सल्ला: घेतली तर हीच घ्या, नाव टाकून घेऊ नका. आणि लवकर संघ सोडून जाणार नाही अशाचा नंबर हवा असेल तर 62, पिचर लोगन वेबचा. यंदा 207 इनिंग टाकल्या त्याने. हल्ली इतक्या इनिंग फार कमी पिचर टाकतात.

एप्रिलमध्ये नवी 'सिटी कनेक्ट' जर्सी आली. काळी, त्यात केशरी-जांभळ्या छटा, शहराच्या साठच्या दशकातल्या संगीताला सलाम वगैरे. आधीची 2021 ची पांढरी-केशरी होती, बाहीवर धुक्यातला गोल्डन गेट पूल. लोक तिला नावं ठेवायचे, मला आवडायची. निदान धुकं तरी इथलं खरं होतं. नवी जर्सी फोटोत छान दिसते आणि रात्रीच्या दिव्यांत वरच्या मजल्यावरून नंबर वाचताना डोळे ताणावे लागतात. पण 2024 मध्ये सगळ्याच संघांना जो नवा गणवेश दिला होता त्यापुढे हे काहीच नाही. नावांची अक्षरं बारकी, पॅण्टमधून आतला शर्ट दिसतोय, राखाडी जर्सीवर घामाचे डाग. खेळाडूंच्या संघटनेलाच तक्रार करावी लागली आणि लीगला बदल करावे लागले. लाखो डॉलरची माणसं आणि अंगावर असले कपडे!

डावपेचांत मॅनेजर बॉब मेल्विन सभ्य, अनुभवी आणि माझ्या मते भारी सावध. 2023 पासून बेस 15 इंचांचे 18 झाले, पिचरला बेसकडे चेंडू टाकून धावणाऱ्याला रोखण्याच्या संधी दोनवर आल्या. सगळी लीग बेस चोरायला (फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसवर पळायला) लागली. जायंट्स? त्याच वर्षी 30 संघांत तळाला. यंदाही फारसा फरक जाणवला नाही. जिथे चेंडू बाहेर जात नाही तिथे पळायचं नाही तर करायचं काय? जंग हू लीसारखा पायात वीज असलेला माणूस फर्स्टवर उभा आणि आपण होम रनची वाट बघतोय. "ढकल की रे पुढे," बाबा टीव्हीला सांगायचे. बंटही (बॅट नुसती टेकवून चेंडू जवळच सोडणं) क्वचितच.

या मैदानावर काय घडू शकतं ते बघायचं असेल तर 8 जुलैचा सामना काढून बघा. फिलाडेल्फिया 3-1 ने पुढे, शेवटची इनिंग, दोघे बेसवर, समोर पॅट्रिक बेली. कॅचर, म्हणजे संघातला संथ माणूस. त्याचा फटका उजव्या-मध्य भागातल्या भिंतीवर उंच आदळला आणि भलत्याच कोनात उडाला. सेंटर फील्डर एकीकडे, चेंडू दुसरीकडे. बेली सेकंड ओलांडतो, थर्डला कोच हात फिरवतोय, आणि हा गडी घसरत घरी. होम रन, चेंडू मैदानाबाहेर न जाता! 4-3. कॅचरने असा सामना संपवल्याची आधीची नोंद 1926 ची आहे. या एका फटक्यासाठी वर्षाची वर्गणी वसूल झाली असं मी तेव्हाही म्हटलं, आताही म्हणते.

बेलीचं खरं मोल मात्र यष्टीमागे. स्ट्राइक झोनच्या (ज्या चौकटीतून गेलेला चेंडू बॅटरविरुद्ध 'स्ट्राइक' म्हणून मोजतात तिच्या) कडेला आलेला चेंडू तो इतक्या अलगद आत ओढतो की पंच स्ट्राइक देऊन बसतात. 2024 आणि 2025, दोन्ही वर्षी क्षेत्ररक्षणाचं गोल्ड ग्लोव्ह बक्षीस त्याच्याकडे. पण 2026 पासून पंचाच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येणार आहे. प्रत्येक संघाला दोन संधी, बरोबर ठरलं तर संधी शाबूत, आणि मागायचं फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरने, डोक्याला हात लावून. डीआरएस बघत मोठे झालेले आपण, आपल्याला यात नवल नाही. पण ज्या संघाचा कॅचर याच कलेत पहिल्या नंबरचा, त्याचं नुकसान सर्वात जास्त. की उलट, झोन इतका अचूक ओळखणारा बेलीच आव्हानं सर्वात हुशारीने वापरेल? मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

बघायच्या सोयीबद्दल थोडक्यात. मी घेतलेल्या ॲपचं नाव घेत नाही. चित्र स्वच्छ, पण प्रत्यक्षापेक्षा इतकं मागे की मैदानावर बसलेल्या मैत्रिणीचा "गेलाआआ" असा मेसेज येतो तेव्हा माझ्या टीव्हीवर पिचर अजून टोपी नीट करत असतो. सामना चालू असताना फोन उलटा ठेवा. समालोचक क्रूकोव आणि कायपर ही जोडी अव्वल, रेडिओवर जॉन मिलर त्याहून. गाडीत त्याला ऐकताना बाबांना बाळ पंडितांचं मराठी धावतं वर्णन आठवायचं, आणि इंग्रजी अर्धं कळूनही ते रेडिओ बंद करू देत नसत. प्रत्यक्ष जायचं तर कॅलट्रेनने जा, पार्किंगच्या नादी लागू नका. लसणाचे फ्राइज एकदा खाऊन बघा, एरवी घरचं खाणं आत नेता येतं. जुलै असला तरी जाड जॅकेट न्याच.

हंगाम संपताच मेल्विनला काढलं. जुलैत त्याची मुदत वाढवली होती आणि सप्टेंबरअखेर घरी, हे काही मला आवडलं नाही. आता टोनी व्हिटेलो आलाय, थेट टेनेसी विद्यापीठातून. व्यावसायिक बेसबॉलचा दिवसभराचाही अनुभव नसताना कॉलेजातून सरळ इथे मॅनेजर होणारा पहिलाच. जुगार आहे, पण कॉलेजचे संघ पळतात, बंट करतात, समोरच्याला छळतात, आणि या मैदानाला तेच हवंय. ॲपचं नूतनीकरण मी केलंय. नवी जर्सी घेणार नाही, 5 नंबर अजून चांगला आहे. 2026 चा पहिला सामना 25 मार्चला, इथेच, यांकीजविरुद्ध, नेटफ्लिक्सवर. लेफ्ट फील्डला कोण उभं राहतंय ते आधी बघणार.