फी सांगितली शेवटच्या वर्षाची, नाव घातलं पहिल्या वर्षाला

मी घणसोलीत राहते आणि महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सचं काम करते. २००९ साली एसवाय बीकॉम पास झाले आणि त्याच उन्हाळ्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. टीवायची फी भरायची राहिली ती राहिलीच. गेल्या वर्षी ऑफिसात सीनियरची जागा निघाली, तेव्हा साहेब म्हणाले, "काम तुला सगळं येतं, पण ग्रॅज्युएशन नाही म्हणून एचआर फाइल अडवणार."

त्याच आठवड्यात फोनवर जाहिरात दिसली. अर्धवट राहिलेली पदवी ऑनलाइन पूर्ण करा, जुनी वर्षं वाया जाणार नाहीत. ऑफिस वाशीला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. शनिवारी हाफ डे करून गेले. काउन्सेलर मुलगी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल, पण बोलणं फार आपुलकीचं. तिने माझ्या जुन्या मार्कशीट बघितल्या आणि म्हणाली, "ताई, तुमचे दोन वर्षांचे क्रेडिट धरले जातील. फक्त शेवटचं वर्ष करायचं." मग माहितीपत्रक उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूला पेनने ३६,००० लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. बाजूला लिहिलं, १२ हप्ते, ३,००० रुपये, व्याज शून्य.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर ना शिक्का, ना सही, ना विद्यापीठाचं नाव. फीचा लेखी पुरावा म्हणून माझ्याकडे काय आहे, तर तो पेनाचा गोल.

नोंदणीचे ३,५०० रुपये तिथेच क्यूआर कोडवर भरले. स्क्रीनवर कुणा व्यक्तीचं नाव आलं, ते मी वाचलं आणि तरी पुढे गेले. मग तिने टॅब समोर धरला, इथे सही करा, इथे सेल्फी, हा ओटीपी सांगा, हा दुसरा ओटीपी सांगा. घरी येताना ट्रेनमध्ये मेसेज आला की माझं ३६,००० रुपयांचं कर्ज मंजूर झालंय. मी लगेच फोन लावला. "ताई, हप्त्यांसाठी ती फॉर्मॅलिटी असते," असं उत्तर मिळालं आणि माझं समाधान झालं. कर्ज माझ्या नावावर होतं, पैसे गेले त्या ऑफिसकडे, आणि दर महिन्याच्या ५ तारखेला माझ्या पगाराच्या खात्यातून ३,००० कापले जाऊ लागले.

ऑक्टोबरात "क्रेडिट ट्रान्सफर"चे ८,००० मागितले, डिसेंबरात परीक्षा फीचे ६,५००. प्रत्येक वेळी आवाज तोच गोड, आणि भरलं नाही तर वर्ष जाईल ही भीती. मी भरत गेले. नोंदणी आणि कर्ज धरून एकूण ५४,००० गळ्यात पडले, तेही फक्त ३६,००० ऐकून आलेल्या बाईच्या.

फेब्रुवारीत एचआरने प्रवेशाचा पुरावा मागितला. वाशीच्या ऑफिसातून आठ दिवस टोलवाटोलवी झाली, तेव्हा मी ज्याची पदवी मिळणार होती त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा नंबर शोधून थेट फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी माझा एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिट खात्याचा नंबर, घेतला आणि शांतपणे सांगितलं, "मॅडम, तुमचं नाव पहिल्या सेमिस्टरला आहे. एका सेमिस्टरचे १३,५०० जमा आहेत. परीक्षेला तुम्ही गैरहजर होता." फॉर्मवरचा ईमेल माझा नव्हताच, वाशीच्या त्या एजन्सीचा होता. लॉगिन, वेळापत्रक, हॉल तिकीट, सगळं तिकडे जात राहिलं आणि माझी परीक्षा माझ्या नकळत होऊन गेली. त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

त्यानंतर जे कळलं ते आधी कळायला हवं होतं, म्हणून सविस्तर लिहितेय. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसीत, २०२१-२२ पासून पुढे मिळवलेलेच क्रेडिट जमा होतात. माझी २००९ ची मार्कशीट त्यात बसूच शकत नव्हती. जुनी वर्षं धरतो असं कुणी सांगितलं, तर ते त्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून लेखी घ्या. माझी मार्कशीट मुंबई विद्यापीठाची, तर मी सगळ्यात आधी कलिन्याला, त्यांच्या दूरशिक्षण केंद्रात, ज्याला लोक अजून आयडॉल म्हणतात तिथे जाऊन विचारायला हवं होतं.

दुसरं म्हणजे, २०२४ पासून ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या प्रवेशाला यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) डीईबी आयडी, म्हणजे त्यांच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, लागतो. तो विद्यार्थ्याने स्वतः काढायचा असतो, स्वतःच्या एबीसी आयडीवरून. टॅबवर मी जे ओटीपी सांगितले, त्यातला एक हा आयडी काढण्यासाठीचाच होता. यूजीसीच्या २०२० च्या नियमांत फ्रँचायझी देऊन असे कोर्स चालवायला मनाई आहे. कोणत्या विद्यापीठाला कोणता ऑनलाइन कोर्स चालवायची परवानगी आहे त्याची यादी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. माझं विद्यापीठ त्या यादीत होतं, खरं होतं. म्हणूनच मी फसले. नाव खरं, मधला माणूस खोटा.

आणि फी. विद्यापीठाच्या पानावर ती स्पष्ट लिहिलेली होती, वर्षाला २७,०००, तीन वर्षांचे ८१,०००, परीक्षा फी वेगळी. ते पान मी एकदा उघडलं असतं, तर ३६,००० मध्ये पदवी कशी देणार हे तिथेच विचारलं असतं. रोज दुसऱ्यांची बिलं तपासणारी मी, माझं एक बिल तपासलं नाही, हे मला अजून टोचतं. प्रवेशापासून पदवीचा कागद हातात येईपर्यंत किती लागणार, हा एकच आकडा मागा. त्यात परीक्षा, पुनर्परीक्षा, मायग्रेशन, पदवी प्रमाणपत्र, सगळं सुटं दाखवलेलं हवं. पैसे विद्यापीठाच्या पोर्टलवरून, विद्यापीठाच्याच खात्यात.

परतावा मिळेल म्हणून विद्यापीठाला लिहिलं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस आधीपर्यंत प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत करावी लागते, त्यातून थोडी प्रक्रिया फी कापता येते. पुढे ९०, ८०, ५० टक्के अशी उतरत जाते आणि अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटले की शून्य. माझे महिने उलटले होते. ज्यांना आज शंका येतेय त्यांनी आजच हालचाल करा, "पुढच्या आठवड्यात बघू" करू नका.

हप्ते मी रागाने थांबवणार होते. बँकेतल्या मैत्रिणीने अडवलं, कारण हप्ता चुकला की सिबिल माझंच बिघडणार. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला, सोबत त्या पेनाच्या गोलाचा फोटो. ३० दिवसांत समाधान झालं नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकली. पोलिसांत अर्ज दिला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, तिथे उशीर जेवढा कमी तेवढं बरं.

चार हप्ते अजून बाकी आहेत. मार्चमध्ये परत वाशीला गेले तेव्हा त्या ऑफिसला कुलूप होतं, पण दारावरचा बोर्ड तसाच, आणि बाहेर एक मुलगा फाइल घेऊन उभा होता. त्याच्या फाइलमध्येही तेच माहितीपत्रक होतं, मागे पेनाने लिहिलेला आकडा, भोवती गोल. त्याला मी माझी सगळी कागदपत्रं दाखवली. आम्ही दोघांनी आता एकत्र तक्रार केली आहे. तुमच्याकडे तसा कागद असेल, तर तो फेकू नका.