पॅनलला परत परत मार बसणार असेल तर ग्लेअर की कार्बन-अ‍ॅल्युमिनियम?

वास्कोच्या खाऱ्या हवेत वापरायचं पॅनल असेल तर माझं मत सरळ ग्लेअरला. ग्लेअर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे अर्ध्या मिलिमीटरहून पातळ पत्रे नि मधे ग्लास फायबर, एअरबस ए३८० विमानाच्या बॉडीत वरच्या बाजूला हेच आहे. फटका बसला की पोचा येतो, डोळ्यांना दिसतो, तिथेच परत परत मार पडला तर आतले थर सुटत जातात, मग सहसा मागच्या पत्र्याला बारीक चीर, पण ग्लास बराच ताणतो म्हणून धागे लवकर तुटत नाहीत. ग्लासऐवजी कार्बन फायबर घातलेलं कार्बन-अ‍ॅल्युमिनियम जास्त ताठ नि हलकं, ते मान्य, पण कार्बन फार न ताणताच तुटतो, मग ताकद लवकर घसरते. शिवाय कार्बन अ‍ॅल्युमिनियमला थेट टेकला नि खारट ओल लागली की पत्रा गंजायला लागतो, मधे ग्लासचा थर हवाच!