पितळी गंज कुठून घ्यावा?

जुना पितळी गंज, म्हणजे स्वयंपाकाचे भांडे, नागपुरातील जुन्या बाजारातून घ्यावा की धरमपेठेतल्या एखाद्या वसाहतीत होणाऱ्या घरगुती जुन्या वस्तूंच्या विक्रीतून, असे भाचीने विचारले आहे. घासाघीस चालत असल्याने किमतीत बाजार सरस ठरतो. मात्र सोबत लोहचुंबक ठेवावे, कारण तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणातून बनलेल्या पितळेला ते चिकटत नाही आणि मुलामा दिलेले लोखंड लगेच ओळखू येते. वसाहतीत निवड थोडी असते, पण गंजाचे बूड कधी झाळले, म्हणजे डाक देऊन जोडले, हे मालकीणबाई स्वतः सांगतात. झाळलेल्या सांध्यात शिसे असू शकत असल्याने मला ही माहिती फार मोलाची वाटते. कथलाची कल्हई दोन्हीकडच्या भांड्यांना नव्याने करावीच लागते. शोभेसाठी हवा असल्यास बाजार पुरेसा आहे. रोजच्या स्वयंपाकासाठी मात्र वसाहतीतूनच घ्यावा.