मेसिए, काल्डवेल, एनजीसी: दुर्बिणीशेजारी एक हंगाम काढल्यावर

कोजागिरीनंतर आकाश स्वच्छ झालं तेव्हापासून मेअखेरीस ढग भरून येईपर्यंत तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिकांच्या मेसिए, काल्डवेल आणि एनजीसी (न्यू जनरल कॅटलॉग) या तीन याद्या आलटूनपालटून वापरल्या. साधनं साधीच: आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या लाकडी बैठकीवरची आरशाची दुर्बीण, आणि १०×५० ची द्विनेत्री. जागा दोन. एक पुण्यातली घराची गच्ची, दुसरी माण तालुक्यातला माळ, जिथे अमावस्येच्या आसपास जमेल तसं जायचं. दुर्बीण कोणती घ्यावी यावर आपल्याकडे भरपूर चर्चा होते, पण तिच्यातून काय बघायचं हे ज्या यादीवरून ठरतं तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. आधीच सांगतो, तिन्ही याद्या फुकट मिळतात, तिन्ही चांगल्या आहेत, आणि महाराष्ट्रातून बघणाऱ्याला यातली एकही जशीच्या तशी पुरत नाही.

सुरुवात सगळ्यांची मेसिएपासून होते. शार्ल मेसिए हा पॅरिसचा धूमकेतूशोधक. धूमकेतूसारखे धुरकट दिसणारे पण जागचे न हलणारे ठिपके वेळ खातात, म्हणून त्याने ते नोंदवून ठेवायला घेतले. वृषभेतला एम १ (एम म्हणजे मेसिए, पुढे यादीतला क्रमांक) त्याला १७५८ मध्ये अशाच एका धूमकेतूच्या मागावर असताना दिसला. १७८१ पर्यंत १०३ नोंदी झाल्या, उरलेल्या सात विसाव्या शतकात इतरांनी जोडल्या आणि यादी ११० वर थांबली. त्याच्या दुर्बिणी आजच्या साडेतीन-चार इंची दुर्बिणींपेक्षा जास्त काही दाखवत नव्हत्या, हा आपला फायदा. काळोख्या जागी छोट्या दुर्बिणीतून ही यादी पुरी होऊ शकते, असं दुसऱ्या कुठल्या यादीबद्दल छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मात्र क्रमांकांच्या मागे जाऊ नका. एम १ वृषभेत, एम २ कुंभेत, एम ३ श्यामशबलात, एम ४ वृश्चिकेत ज्येष्ठेला खेटून. ज्या क्रमाने नोंदी झाल्या त्या क्रमाने आकडे पडले. मी पहिल्याच आठवड्यात सगळी यादी विषुवांशानुसार (आकाशातल्या पूर्व-पश्चिम स्थानानुसार) लावून पुन्हा छापली, तेव्हा कुठे रात्रीचा क्रम आणि कागदाचा क्रम जुळला.

दुसरी खोड प्रतीच्या, म्हणजे तेजाच्या आकड्याच्या रकान्याची (आकडा लहान तितकं तेज जास्त). एम ३३ ची प्रत ५.७ आणि एम ५७ ची ८.८. आकड्यांवर विश्वास ठेवला तर एम ३३ कितीतरी सोपी असायला हवी. प्रत्यक्षात गच्चीवरून एम ५७ चं इवलंसं कडं शहराच्या उजेडातही ओळखू येतं आणि एम ३३ च्या जागी नुसतं राखाडी आकाश. कारण ही प्रत म्हणजे सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर केवढा तेजस्वी दिसेल त्याचा हिशोब. एम ३३ चा प्रकाश एका अंशाहून लांब पट्ट्यावर पसरलेला आहे, पातळ ताकासारखा. माळावरून ती दुर्बिणीपेक्षा द्विनेत्रीत छान दिसली. एम ७४ ची तीच गत, किंबहुना वाईट. तेव्हा यादी उतरवून घेताना पृष्ठतेजाचा, म्हणजे पसरलेल्या प्रकाशाच्या दाटपणाचा रकाना असलेलीच घ्या. तो नसेल तर निदान आकारमान तरी हवं.

यादीत काही भिडू भलतेच आहेत. एम ४० हा तेजोमेघ नाही, गुच्छ नाही, सप्तर्षीतले शेजारी दिसणारे दोन तारे आहेत. ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या गाया यानाच्या मोजमापांवरून २०१६ मध्ये स्पष्ट झालं की त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, एक दुसऱ्याच्या बराच मागे आहे. एम ७३ म्हणजे चार ताऱ्यांचं टोळकं. एम ९१ च्या जागी बरीच वर्षं काहीच सापडत नव्हतं, १९६९ मध्ये टेक्सासच्या एका हौशी निरीक्षकाने मेसिएच्या हिशोबातली गफलत शोधली आणि ती दीर्घिका एनजीसी ४५४८ असल्याचं दाखवलं. एम १०२ चा वाद अजून धुमसतो. ती नोंद म्हणजे चुकून दुसऱ्यांदा नोंदवलेली एम १०१ च, असं ती देणाऱ्या, मेसिएचा सहकारी असलेल्या मेशॅननेच १७८३ मध्ये कळवलं होतं, तरी बरेच जण तिथे एनजीसी ५८६६ बघून खूण करतात. मीही तीच केली. दिसायलाही छान आहे, उगाच का सोडा.

मेसिएची खरी अडचण वेगळी आहे. ती पॅरिसहून केलेली यादी आहे. पॅरिस ४९ अंश उत्तरेला, माण जेमतेम पावणेअठरा. मेसिएचा सर्वांत दक्षिणेकडचा नग म्हणजे वृश्चिकेच्या नांगीजवळचा एम ७, क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) सुमारे उणे ३५ अंश. पॅरिसहून तो क्षितिजाला चाटून जातो, आपल्याकडे चांगला ३७ अंश वर येतो. त्याच्या खाली आपल्यासाठी अजून केवढंतरी आकाश उरतं आणि मेसिए त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. एनजीसी २५३ बघा. ही दीर्घिका विल्यम हर्शेलची बहीण कॅरोलाइन हर्शेल हिला १७८३ मध्ये सापडली. नोव्हेंबरात रात्री दहाच्या सुमारास ती दक्षिणेला ४७ अंशांवर असते, माळावरून द्विनेत्रीतही लांबट दिसते आणि डॉब्सोनियनमध्ये पाऊण तास तिथून हलावंसं वाटत नाही. देवयानीतली एम ३१ सोडली तर हंगामातली माझी सर्वांत आवडती दीर्घिका हीच, आणि मेसिएत तिचा पत्ता नाही.

ही उणीव भरून काढायला काल्डवेल. ब्रिटिश हौशी खगोलनिरीक्षक पॅट्रिक मूर यांनी १९९५ मध्ये मेसिएने सोडलेल्या १०९ नगांची ही यादी केली. मूर यांचं आडनाव मुळात काल्डवेल-मूर, शिवाय एम अक्षर मेसिएने अडवलेलं, म्हणून सी. यातली सोय मला फार आवडली: क्रमांक उत्तरेकडून दक्षिणेकडे पडलेत. सी १ उत्तर ध्रुवाजवळ, सी १०९ दक्षिण ध्रुवाकडे. आकडा बघितला की नग किती खाली असणार हे कळतं. माणहून सी १०२ पर्यंत हात पोचतो, तोही क्षितिजावर आठ अंश, धूळ नसेल तर. सी १०३ पासून पुढे मी नाद सोडला. सी १०६, म्हणजे ४७ टुकाना, इथून कागदावर क्षितिजाला टेकतो, डोळ्यांना कधीच दिसत नाही. तो हवा असेल तर कन्याकुमारीकडे जा.

पण निवड कुठे कुठे चक्रावून टाकते. सिंहेतली एनजीसी २९०३ नवव्या प्रतीची, दणदणीत दीर्घिका. मेसिएत नाही, काल्डवेलमध्येही नाही. त्याच राशीतली कितीतरी फिकट एनजीसी ३६२६ मात्र सी ४० म्हणून मानाने बसली आहे. शर्मिष्ठेतला एनजीसी ७७८९ हा दाट, नाजूक गुच्छही कॅरोलाइन हर्शेलचाच शोध, तोही बाहेर. उलट रोहिणीभोवतीचा गुच्छ सी ४१, जो बघायला यादीच काय, द्विनेत्रीसुद्धा लागत नाही. मूर यांची आवड त्यांना लखलाभ. मी सी ५० च्या खालचा भाग मनापासून वापरला आणि वरचा चाळला.

दर वेळी शेवटी जिथे येऊन थांबलो ती एनजीसी. आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेत ड्रायरने १८८८ मध्ये प्रसिद्ध केलेली, ७८४० नगांची. पाठ करायची ही यादी नाही, पण नकाशे, ॲप आणि लेख सगळीकडे हाच क्रमांक चालतो, म्हणून वहीत मी आता एम किंवा सी लिहिलं तरी शेजारी एनजीसी टाकतोच. मूळ यादीतली वर्णनं वाचायला मजा येते. ड्रायर तेज, आकार, घडण सगळं एकेका-दोनदोन अक्षरांत कोंबतो आणि नग विशेष असेल तर उद्गारचिन्हं टाकतो. जितका भारी, तितकी चिन्हं, जास्तीत जास्त तीन. एक इशारा: यातल्या पुष्कळ नोंदी विल्यम आणि जॉन या हर्शेल पितापुत्रांच्या अठरा इंची आरशांतून झाल्या आहेत. तिथे ‘बऱ्यापैकी तेजस्वी’ असेल ते आपल्या आठ इंचांत ‘आहे की भास?’ होतं. एकाच नगाला दोन क्रमांक किंवा क्रमांक आहे पण जागेवर काहीच नाही, असेही प्रकार आहेत. म्हणून सुधारित आवृत्तीच वापरा.

स्थानांचंही तेच. ड्रायरचे विषुवांश-क्रांती १८६० सालचे आहेत, आजचे नकाशे बहुतेक २००० सालचे. परांचनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलत असल्यामुळे, २००० पासूनच वीसेक कलांपर्यंत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडला आहे. अर्धा अंश आकाश दाखवणाऱ्या नेत्रिकेत (डोळ्याकडच्या भिंगात) तेवढ्याने नग बाहेर राहतो. स्टेलॅरियम या आकाशाच्या नकाशांच्या ॲपमध्ये दोन्ही स्थानं दिसतात, दुर्बीण आकड्यांवरून लावणाऱ्यांनी आजच्या तारखेचं घ्यावं. तारे बघत बघत पोचणाऱ्यांना हा त्रास नाही.

तिन्ही याद्यांचा कस लागला तो ओमेगा सेंटॉरी या तारकागुच्छावर. मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या आसपास नरतुरंगात पंचविसेक अंशांवर. नाव ताऱ्याचं, कारण जर्मन नकाशाकार बायरच्या १६०३ च्या नकाशात तो तारा म्हणूनच आहे. १६७७ मध्ये सेंट हेलेनाहून हॅलीने तो तारा नसून धुरकट नग असल्याचं नोंदवलं. मेसिएच्या यादीत तो नाही, पॅरिसहून उगवतच नाही. काल्डवेलमध्ये सी ८०. एनजीसीत ५१३९, पुढे ड्रायरची तिन्ही उद्गारचिन्हं. माळावर नुसत्या डोळ्यांनी विरघळलेला तारा, आणि १२० पटीत अख्खी नेत्रिका साखर सांडल्यासारखी भरून गेली. उत्तरेतल्या निरीक्षकांचं दैवत असलेला शौरीतला एम १३ नंतर बघितला. बिचारा.

ताऱ्यांच्या मोठ्या याद्या, एचडी, हिप्पार्कस, गाया, दुर्बिणीशेजारी लागत नाहीत, पण घरी येऊन लागतात. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या सिंबाद या सेवेत आर्द्रेचा शोध घेतला की ५८ ओरायनिस, एचडी ३९८०१, हिप्पार्कस २७९८९ अशी सगळी नावं एकाखाली एक येतात. जाता जाता: प्रियजनांच्या नावाने तारा विकत देणारी प्रमाणपत्रं यातल्या कुठल्याही यादीत चढत नाहीत. एचडी ८६०८१ ला आंतरराष्ट्रीय खगोल संघाने २०१९ मध्ये बिभा हे नाव दिलं, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून, आणि त्यासाठी कोणी पैसे मोजले नव्हते.

आता माझ्याकडे एकच छापील तक्ता आहे: मेसिए जवळपास पूर्ण, काल्डवेलचा खालचा भाग, दोन्ही याद्यांनी वगळलेले वरचे एनजीसी नग, सगळे विषुवांशाने लावलेले, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, कारण डिसेंबरात दंवाने कागदाचा लगदा होतो. नव्याने सुरू करणाऱ्याने नोव्हेंबरच्या अमावस्येला एम ३१ बघून थेट एनजीसी २५३ कडे वळावं, फेब्रुवारीत मृगातल्या एम ४२ नंतर २९०३ घ्यावी आणि मार्च-एप्रिलात दक्षिण क्षितिज मोकळं असेल तर सी ९२ चा मोठा तेजोमेघ. तो बाराच अंश वर येतो, दक्षिणेला गावाचे दिवे नकोत.