शाळेच्या संगणक कक्षासाठी उबुंटू की लिनक्स मिंट?

विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेसाठीची चिप) लागतं. त्यामुळे शाळांमधले चार जीबी रॅमचे, जुन्या हार्ड डिस्कचे, पण अजून धडधाकट असलेले पीसी अडून बसले. ते भंगारात जाऊ नयेत म्हणून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टम) टाकायचं ठरलं असेल, तर निवड बहुधा उबुंटू 24.04 आणि लिनक्स मिंट 22 (एक्सएफसीई म्हणजे हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती) या लिनक्सच्या दोन प्रकारांत होते.

मिंट उबुंटूवरच उभं आहे. जीकॉम्प्रिस (मुलांचे शैक्षणिक खेळ), टक्स पेंट (चित्रकला), लिब्रेऑफिस (ऑफिसची कामं) दोन्हीकडे मिळतं, तेही पेनड्राइव्हवर घालून मुलांना घरी न्यायला मोकळं. सुरक्षा अपडेट दोन्हींना एप्रिल 2029 पर्यंत. बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या (म्हणजे तोच फॉन्ट नसेल तर अक्षरं विचित्र दिसणाऱ्या) जुन्या प्रश्नपत्रिकांची डोकेदुखीही दोन्हीकडे सारखीच.

मराठी टायपिंगमध्ये उबुंटू सरस. सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली मराठी जोडा, सुपर (विंडोजचं चिन्ह असलेलं बटण) आणि स्पेस दाबा, भाषा बदलते. मिंट एक्सएफसीईत लेआउट टॅबमध्ये आधी सिस्टम डीफॉल्टची खूण काढावी लागते, मग मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कळरचना) जोडून भाषा बदलणारं बटण ठरवावं लागतं, आणि हे दर यूजरला वेगळं. केरळच्या सरकारी शाळांत उबुंटूवर बेतलेली प्रणाली वर्षानुवर्षं चालते, हीही उबुंटूची जमेची बाजू.

माझ्यासाठी पारडं फिरलं ते स्नॅपमुळे, म्हणजे उबुंटूच्या सॉफ्टवेअर बांधून देण्याच्या नव्या पद्धतीमुळे. उबुंटूत 22.04 पासून फायरफॉक्स ब्राउझर स्नॅप स्वरूपात येतो. जुन्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडताना खूप रेंगाळतो, कारण दाबून बांधलेली फाइल उलगडत वाचावी लागते. 35 मिनिटांच्या तासात हे फार जाणवतं. त्याहून त्रासदायक म्हणजे स्नॅप दिवसातून चार वेळा आपणहून अपडेट तपासतो, आणि वीस मशीन असतील तर शेकडो एमबींचं तेच डाउनलोड वीस वेळा होतं. शाळेच्या एकुलत्या ब्रॉडबँडचा जीव त्यात जातो. वेळ बदलून शनिवार रात्र देता येते, पण तेव्हा कक्षाची वीज बंद असते. फायरफॉक्सचं साधं डेब (जुन्या, नेहमीच्या पद्धतीचं) पॅकेज ते बनवणाऱ्या मोझिलाकडून घेता येतं, मात्र कुठल्या स्रोताला प्राधान्य हे ठरवणारी फाइल लिहायची राहिली तर पुढच्या अपडेटला स्नॅप परत येतो.

मिंटने स्नॅप मुळातच बंद ठेवलाय, तिथे फायरफॉक्स डेबच असतो. त्यामुळे एका मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी (उतरवलेली डेब पॅकेजं साठवून बाकीच्या मशीनना वाटणारं सॉफ्टवेअर) टाकून बाकीच्यांना पोर्ट 3142 वर त्याचा पत्ता दिला, की प्रत्येक पॅकेज इंटरनेटवरून एकदाच उतरतं. दोन गोष्टी सांभाळा. मिरर (पॅकेजं उतरवायचा सर्व्हर) साध्या एचटीटीपीचाच निवडा, एचटीटीपीएस असेल तर कॅशिंग होत नाही. आणि ते मशीन बंद असेल तर सगळ्यांचे अपडेट अडतात, म्हणून ते शिक्षकांच्या टेबलावरचं असावं. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये फ्लॅटपॅकऐवजी (स्नॅपसारखंच जड स्वरूप) सिस्टम पॅकेज निवडा, नाहीतर जड डाउनलोडचं दुखणं मागच्या दाराने आत येतं.

आठ जीबी रॅम, एसएसडी आणि चांगलं फायबर असेल तर उबुंटू घ्यायला हरकत नाही. बाकी ठिकाणी मी मिंटच सुचवेन. आधी कक्षातल्या सगळ्यात जुन्या मशीनवर पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा, आवाज आणि प्रिंटर तपासा, मगच डिस्कला हात लावा.